‘घाबरू नये’ या शिक्क्यात एक ओळ वाढवण्याबाबत

दिनांक : ११ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. मुख्य कार्मिक अधिकारी श्री. उन्मेष देवस्थळी साहेब,
पूर्वतट जहाजदुरुस्ती कंपनी,
खिदिरपूर, कोलकाता.

अर्जदार : मनोहर दत्ताराम पेडणेकर, फिटर, ड्राय डॉक (सध्या निलंबित व जामिनावर).

विषय : माफीनाम्यातील तिसऱ्या वाक्यावर सही करू शकत नसल्याबाबत, तसेच कंपनीच्या रुग्णालयातील औषधांच्या खिडकीवरील शिक्क्यात एक ओळ वाढवण्याबाबत.

संदर्भ : आपण मला केबिनमध्ये दिलेला माफीनाम्याचा मसुदा.

महोदय,

१. आपण मला शुक्रवारपर्यंत माफीनामा सही करून आणायला सांगितला होता. आपण चहा मागवलात, दार लावून घेतलेत आणि मराठीत म्हणालात, "पेडणेकर, या शहरात आपण मूठभर माणसं. सही करा, बाकीचं मी बघतो." त्याबद्दल मी आभारी आहे. हा अर्ज मराठीत लिहितो त्याचे कारणही तेच. हिंदीत मला भांडता येते, सांगता येत नाही.

२. मसुद्यात तीन वाक्ये आहेत. मी डॉ. सौम्यदीप घोषाल यांना मारहाण केली, हे पहिले. त्याबद्दल मी माफी मागतो, हे दुसरे. रुग्णालयाने माझ्या पत्नीस दिलेल्या सूचना योग्य व पुरेशा होत्या, हे तिसरे. पहिली दोन मला मान्य आहेत. पहिल्यात तर कमीच लिहिले आहे, ते मी खाली पूर्ण लिहितो. तिसऱ्यावर सही करणार नाही. सही न केल्यास मला बडतर्फ करतील आणि माझ्या रुग्णालयाच्या कार्डावर होणारे मुलीचे उपचार बंद होतील, हे आपण समजावून सांगितले आहे. मला ते समजले आहे. समजूनच लिहितो.

३. माझी पत्नी शैला हिला बरेच दिवस पोटात जळजळ होत होती. जेवली की दुखे, उपाशी राहिली तर जास्त दुखे. आपल्या रुग्णालयात दुर्बिणीने तपासले तेव्हा जठरात व्रण निघाला आणि एच. पायलोरी नावाचा जंतू निघाला. तेव्हाच्या डॉक्टरांनी गोळ्यांचे तयार पाकीट दिले. पाकीट संपल्यावर पुन्हा तपासणी झाली. जंतू जिवंत. त्यांनी तेच पाकीट परत दिले, कारण आमच्या औषधांच्या खिडकीत तेवढेच पाकीट येत असे. जंतू जिवंत. मग वेगळ्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिच्या टाचा इतक्या धरल्या की ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायची. जंतू तरीही जिवंत.

चौकशी समितीने अहवालात लिहिले आहे की रुग्ण धार्मिक उपवास करत असल्याने औषधांत खंड पडला. पहिल्या पाकिटाच्या वेळी संकष्टी आली आणि तिने सकाळच्या गोळ्या चंद्र पाहून जेवल्यावर एकदम घेतल्या, हे खरे आहे. गोळ्या जेवणानंतर घ्या असे सांगितले होते, आणि जेवण रात्रीच होते. त्यानंतर तिने सगळे उपवास सोडले. देवाला सांगितले, जंतू मेला की राहिलेले सगळे धरीन. तेवढे ऐकून समितीने तेवढेच लिहून घेतले. साहेब, माझ्या बायकोचा गणपती तुमच्या अहवालात आला, शिक्का आला नाही.

४. मग डॉ. घोषाल बदलून आले. वयाने माझ्या मुलीपेक्षा फार मोठे नसतील. त्यांनी जुने कागद पाहिले आणि आमच्या देखत टेबलावर आपटले. एकच औषध दोनदा कोणी दिले, असे ते बंगालीत कोणाला तरी फोनवर ओरडले. आम्हाला हिंदीत सांगितले, "कमजोर वाला मर गया, बदमाश वाला बच गया. अब पुराना दवाई को वो पहचानता है." आता चार औषधे एकदम द्यायची, त्यांत एक बिस्मथ नावाचे. ते आपल्या खिडकीत मिळत नव्हते. त्यासाठी ते भांडारात जाऊन भांडले, हे मी स्वतः पाहिले आहे. शैलाला ते म्हणाले, "भाभीजी, इस बार मार देंगे." तिला ते फार आवडले. घरी येऊन ती तेच बोलून दाखवायची. आधीचे डॉक्टर बघू म्हणायचे, हा मारू म्हणतो.

५. औषधांच्या खिडकीवरच्या माणसाने प्रत्येक पाकिटावर शिक्का मारला. बंगाली, हिंदी आणि इंग्रजी. "या औषधाने शौचास काळे होईल. घाबरू नये." शैलाला यांतले काहीच भराभर वाचता येत नव्हते. हिंदी ओळ मी तिला वाचून दाखवली.

तसेच झाले. शौचास काळे होऊ लागले, जीभही काळी झाली. ती आरशात जीभ काढून बघायची आणि म्हणायची, "कालीमातेची लाल, माझी काळी. पूजेला उभी केली तर भटजी पळून जाईल." घरात बऱ्याच दिवसांनी हसणे झाले होते. पोटही कमी दुखत होते. मला वाटले, मरतोय एकदाचा.

पाकीट संपत आले तेव्हा एका दुपारी ती मला म्हणाली, "अहो, आज नुसतं काळं नाही. तुमच्या डांबरासारखं झालंय. पाणी टाकलं तरी सुटत नाही, आणि वास सोसवत नाही." मी ड्राय डॉकमध्ये जहाजाच्या पोटाला डांबर लावताना उभा राहिलेला माणूस आहे. मी म्हणालो, "मग बादलीत धरून ठेव, जहाजाला लावू." ती हसली. मग तिने विचारले, दाखवून यायचे का. मी पाकीट पुन्हा हातात घेतले आणि शिक्का पुन्हा वाचला. घाबरू नये असे लिहिले होते. आम्ही घाबरलो नाही.

त्यानंतर दोन दिवस ती घामाने ओली होत होती आणि तिची नखे पांढरी पडली होती. औषध कडक आहे असे आम्ही धरून चाललो. इतक्या वेळा औषध वाया गेले होते, या वेळी एकही गोळी चुकवायची नाही असे तिचे ठरले होते. तिने एकही चुकवली नाही.

६. त्या दिवशी मी दुपारच्या जेवणाला घरी होतो. न्हाणीघरात काहीतरी आपटल्याचा आवाज आला. दार आतून बंद होते. मी खांदा मारून बिजागरीसकट दार पाडले. ती नळाखाली आडवी होती, कपाळ नळावर फुटले होते, पण ते रक्त काहीच नव्हते. तोंडातून येत होते. आधी काळ्या गुठळ्या आल्या, भिजवलेल्या चहापत्तीसारख्या, मग लाल, आणि लाल येऊ लागले तेव्हा ते थांबेना. मी तिला कुशीवर केले. माझ्या हातांत मी साखळ्या धरल्या आहेत, तुटलेल्या वायररोपचे फटके खाल्ले आहेत. मला माणसाच्या पोटात इतके रक्त असते हे माहीत नव्हते. तिने माझा शर्ट धरला होता आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. तिला आता घाबरायला कोणी सांगायची गरज नव्हती.

टॅक्सीवाल्याने सीट खराब होईल म्हणून नकार दिला. मी त्याची चावी काढून घेतली आणि त्याला मानेला धरून सीटवर बसवले. तो रडत रडत गाडी चालवत होता. रुग्णालयाच्या फाटकावर शिपायाने कार्ड मागितले. कार्ड तिच्या पर्समध्ये, पर्स घरी. मी त्याला ढकलून आत गेलो. तो माणूस पडला आणि त्याचे मनगट मोडले, हे मला नंतर कळले. ते मसुद्यात नाही, घालावे.

शैला स्ट्रेचरवर गेली. सुई लागली होती, रक्ताची पिशवी आणायला माणूस गेला होता. पिशवी आली तेव्हा तिच्या हातांनी माझा शर्ट सोडला होता.

७. अग्नी देऊन दुसऱ्या दिवशी मी तिचे कागद आणायला गेलो. मुलगी भाग्यश्री बरोबर होती. कागद इंग्रजीत होता. ती वाचता वाचता थांबली. मी विचारले काय आहे. तिने सांगितले, लिहिले आहे की अनेक दिवस शौचातून रक्त जात होते आणि कुटुंबाने दुर्लक्ष केले. मी म्हणालो, रक्त कुठे, काळे होते. ती म्हणाली, "बाबा, आतला रक्त पोटात जळून काळाच होतो. इथे तसंच लिहिला आहे." ती इथेच वाढली आहे, तिचे मराठी असे आहे.

त्या वेळी आमच्या शेजारच्या खिडकीत शिक्का चालू होता. रांग होती. एक एक पाकीट, ठप्प, पुढे. ठप्प, पुढे.

यापुढचे आपल्या मसुद्यात एका ओळीत आहे. ते असे घडले. मी खिडकीची काच कोपराने फोडली आणि आत हात घालून शिक्का घेतला. रांगेतल्या लोकांना मी ओरडून काय सांगितले ते मला आठवत नाही. आवाज ऐकून डॉ. घोषाल आतून धावत आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पेडणेकरजी, सुनिए." मी ऐकले नाही. मी त्यांच्या तोंडावर मूठ मारली. ते भिंतीला लागले तेव्हा पुन्हा मारली. जबडा तुटल्याचा आवाज लाकूड तडकल्यासारखा येतो. त्यानंतरही मी मारत होतो. किती वेळा ते फिर्यादीत आहे, तो आकडा मान्य. ते खाली बसल्यावर मी त्यांचे केस धरून डोके मागे केले आणि त्यांच्या कपाळावर शिक्का मारला. एकदा नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला. रक्तावर शाई बसत नाही.

मग शिपायांनी मला काठ्यांनी मारले. ते त्यांचे काम होते. कोठडीतही मारले, त्याचीही तक्रार नाही. हे सगळे मी पश्चात्ताप दाखवायला लिहिलेले नाही. पहिले वाक्य खरे असावे म्हणून लिहिले आहे. खरे हेही आहे की तो ठप्प आवाज मनात आला की अजून माझी मूठ आपोआप वळते.

८. पोलिसांनी तो शिक्का हत्यार म्हणून जप्त केला. पंचनाम्यात तसा शब्द आहे. पोलिसांनी तेवढे बरोबर ओळखले असे माझे मत आहे. पण रुग्णालयाचे काम थांबू नये म्हणून लगेच दुसरा शिक्का करून घेतला, आणि त्यावर शब्द तेच. म्हणजे एक हत्यार पोलीस ठाण्याच्या कपाटात कुलूपबंद आहे आणि त्याचा भाऊ खिडकीवर रोज काम करतो. मी जामिनावर आहे, त्याला जामीनही लागला नाही. मला रुग्णालयाच्या फाटकात पाय ठेवायला बंदी आहे. त्याला नाही.

९. कालीपूजेच्या दुसऱ्या दिवशी डॉ. घोषाल आमच्या क्वार्टरवर आले. हे आपल्याला माहीत नसेल. दार भाग्यश्रीने उघडले. बरोबर पोलीस असतील असे मला वाटले आणि मी मोठा पाना हातात घेतला. ते एकटे होते. जबडा तारेने बांधलेला होता, त्यांना बोलता येत नव्हते. ते खुर्चीत बसले, खिशातून कागद काढला आणि बंगालीत लिहू लागले. भाग्यश्री वाचून मला सांगत होती. पाना माझ्या मांडीवर होता. त्यांनी तो पाहिला आणि लिहीत राहिले.

त्यांनी आधी विचारले, काळे होते ते कसे काळे होते. वाळलेले की चिकट. चमकत होते का. वास कसा. पाण्याने जात होते का. साहेब, समितीने मला खूप प्रश्न विचारले, हा विचारला नाही. मी सगळे सांगितले. डांबराचेही सांगितले, बादलीचेही. भाग्यश्रीने ते बंगालीत त्यांना सांगितले, तेव्हा तिला मध्ये थांबावे लागले.

मग त्यांनी लिहिले की शिक्का त्यांनीच करायला लावला होता. याआधीच्या ठिकाणी माणसे काळे बघून घाबरायची आणि गोळ्या गटारात टाकायची, म्हणून जंतू मरत नव्हता. त्यांनी दोन वाक्ये लिहून दिली होती. दुसरे असे होते, की डांबरासारखे चिकट व घाण वासाचे झाले, चक्कर आली किंवा घाम सुटला, तर गोळ्या थांबवून त्याच क्षणी या. पण पाकीट लहान, भाषा तीन. दोन वाक्ये शिक्क्यात मावेनात. भांडाराने विचारले कोणते ठेवायचे. ठरले की पहिले शिक्क्यात घालायचे आणि दुसरे खिडकीवरच्या माणसाने तोंडी सांगायचे. खिडकीवर रांग असते. आम्हाला कोणी सांगितले नाही. इतर किती जणांना सांगितले, तेही कोणाला माहीत नाही.

शेवटी त्यांनी लिहिले की ते फिर्याद मागे घेणार नाहीत. भाग्यश्रीने ते वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, घेऊ नका. त्यांनी मान हलवली. मग कागद उलटा करून त्यांनी ती दोन वाक्ये पुन्हा लिहिली, बंगाली आणि हिंदी, सुवाच्य अक्षरात, आणि खाली सही केली. निघताना त्यांनी हात पुढे केला नाही, मीही केला नाही. पाना अजून माझ्या मांडीवरच होता.

१०. आता जे खरोखर पणाला लागले आहे ते. घरातल्या एकाला हा जंतू असला तर दुसऱ्याला असू शकतो म्हणून भाग्यश्रीची तपासणी झाली. तिलाही तोच निघाला. औषध सुरू व्हायचे आहे. कार्ड बंद झाले तर तिला बाहेर कुठे दाखवायचे ते मी बघेन, पण तिचे जुने कागद, आईचे कागद, आणि हा जंतू कोणत्या गोळ्यांना ओळखतो हे सगळे इथे आहे. पुन्हा पहिल्या पाकिटापासून सुरुवात कोणी करावी असे मला वाटत नाही. म्हणून मी सही करायला निघालो होतो. पेन हातात होते. भाग्यश्रीने मसुदा वाचला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सही केला तर मी ते औषध खाणार नाही. ‘पुरेसा होता’ म्हणून सही केला तर तो शिक्का कधीच बदलणार नाही. मग माझ्या पाकिटावर पण तोच."

मी पेन ठेवले.

११. तरी विनंती अशी की,

(अ) औषधांच्या खिडकीवरील शिक्क्यात दुसरे वाक्य घालावे. तोंडी सांगण्यावर सोडू नये.

(आ) नवा शिक्का होईपर्यंत सध्याचा शिक्का वापरू नये. तो माझ्या हवाली केल्यास ड्राय डॉकच्या प्रेसखाली मी तो आपल्या व सर्व कामगारांच्या समोर चिरडीन. ही विनंती नियमात बसत नसल्यास आपण स्वतः चिरडावा. मला फक्त आवाज ऐकू आला तरी चालेल.

(इ) मला बडतर्फ करावे, तुरुंगात पाठवावे, जे नियमात असेल ते. त्यासाठी वेगळा अर्ज लागत असल्यास देतो. पण भाग्यश्रीचे उपचार डॉ. घोषाल यांच्याकडेच चालू ठेवावेत. त्यांचा जबडा मी तोडला, तरी आमच्या घरातल्या जंतूची माहिती असलेला तोच एक माणूस आहे, आणि मारू म्हणणाराही तोच. त्यांची हरकत नाही, हे त्यांनी त्याच कागदावर लिहिले आहे.

(ई) शैलाच्या कागदावरील ‘कुटुंबाने दुर्लक्ष केले’ ही ओळ काढावी. ती काढता येत नसेल तर तिच्या खाली शिक्क्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत.

(उ) फाटकावरील शिपाई श्री. जयप्रकाश यादव यांच्या मनगटाबद्दल माझी माफी मसुद्यात वाढवावी. ते माझ्याकडे कार्ड मागत होते, एवढेच.

नव्या शिक्क्यासाठी कार्यालयाला तसदी पडू नये म्हणून मी एस्प्लनेडला जाऊन तो करवून घेतला आहे. दुकानदाराने मजकूर वाचला आणि कोण गेले असे विचारले. मी सांगितले. त्याने अक्षर एक घर मोठे केले. दोन्ही वाक्ये, तिन्ही भाषा. इंग्रजी भाग्यश्रीने केली. मी तो घरी कागदावर उमटवून पाहिला, अक्षर स्वच्छ येते. फक्त शिक्का आता पाकिटापेक्षा मोठा झाला आहे. त्यात माझा इलाज नाही.

पाकीट मोठे करावे.

शुक्रवारच्या आधी आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
ड्राय डॉकमधला

मनोहर दत्ताराम पेडणेकर
(कै. सौ. शैला हिचा नवरा)

सोबत :
१) माफीनामा. तिसरे वाक्य खोडले आहे, पहिल्या दोन वाक्यांखाली सही केली आहे.
२) डॉ. घोषाल यांनी लिहून दिलेली दोन वाक्ये, त्यांच्या सहीसह. मूळ कागद भाग्यश्रीकडे आहे, ही प्रत.
३) शैलाच्या शेवटच्या गोळ्यांचे पाकीट, शिक्क्यासह. रिकामे.
४) नवा शिक्का. कापडात गुंडाळला आहे.